नकाराची वही

विकण्याच्या धंद्यात सगळं आयुष्य घालवून गिऱ्हाइकाच्या तोंडून 'नाही' ऐकण्यासाठी जीव टाकणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि तो सिंदेवाहीला माझ्या समोरच्या खोलीत राहत होता. सारा तालुका त्यांना पंखेवाले चाचा म्हणायचा. त्यांचं खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत होतं. पंखे म्हणजे छताला टांगायचे नव्हेत, धान उफणायचे. लोखंडी चौकट, मधे चार पाती, सायकलची चेन आणि हातानं फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की वारा सुटायचा, आणि सुपातून सोडलेल्या धानातलं फोल उडून बाजूला पडायचं. नागपूरच्या एका लहानशा कारखान्याचे चाचा हे या भागातले एकुलते एक प्रतिनिधी. त्यांची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या कंपनीशी नव्हती, खुद्द वाऱ्याशी होती, आणि वारा आपला माल गावोगाव फुकट वाटत होता. अशा धंद्यात पडलेला माणूस थोडा विक्षिप्त झाला तर त्याला दोष देता येत नाही. पण चाचा थोडे विक्षिप्त नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बदली होऊन मी सिंदेवाहीच्या शाळेत आलो. जवळच्या गावात बायकोच्या वाट्याची अडीच एकर धानाची शेती होती, ही बातमी माझ्या ट्रंकेच्या आधी गावात पोचली असावी. तिसऱ्या दिवशी सकाळी साठीकडे झुकलेला, डोक्यावर पांढरी टोपी आणि पँटच्या पायाला सायकलची चिमटी लावलेला एक गृहस्थ उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सायकल त्यानं शेजाऱ्याच्या भिंतीला लावली होती.

"गुरुजी, उफणाचा पंखा घ्याचा नाई ना तुम्हाले?"

कसला पंखा, असं मी विचारलं. त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं आणि चौथ्या वाक्याला म्हणाले, "समजलं ना? आता नाई म्हणा."

मी हबकलो. दारावर आलेल्या विक्रेत्यांना मी आयुष्यात अनेकदा नाही म्हटलं होतं, पण ते त्यांच्या इच्छेविरुद्ध. मागून घेतलेला नकार कसा द्यायचा याचं शिक्षण मला नव्हतं. शिवाय शिकलेल्या माणसाला कुणी काही म्हणायला सांगितलं की त्याला ते म्हणवत नाही. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

चाचांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून लांबट वही काढली, कानामागची पेन्सिल घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि वही माझ्यापुढे धरली. 'गुरुजी. विचार करून राह्यले. परत येणे.'

"बराबर हाये का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. न्यायालयात जबानी दिल्यासारखं वाटलं. "पाहू म्हणणारे लय हायेत," जाता जाता ते म्हणाले, "पण विचार करणारा पयलाच भेटला. हे दुखणं लांबते गुरुजी."

या 'पाहू'बद्दल सांगितल्याशिवाय चाचा कळायचे नाहीत. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्याची रीत नाही. पाहुण्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, आणि तो जे काही मागेल त्याला 'पाहू ना' म्हणायचं. 'पाहू ना चाचा, धान निघू द्या.' धान निघालं की 'पाहू ना, लग्नं आटपू द्या.' लग्नं आटपली की रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आणि रोवणीत पंखा कोण घेतो? ऐकणारा इथलाच असेल तर त्याला कळतं, की हा नकार आहे आणि त्याला स्वच्छ धोतर नेसवून पाठवलं आहे. चाचांना ते कळत होतंच. त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"पाहू म्हणणारा माणूस मले पाहून रस्ता बदलते," ते मला एकदा म्हणाले. "आज पंख्यापायी बदलते. उद्या सवय होते, मंग रामरामबी करत नाई. एका पंख्यासाठी मी माणूस काऊन गमावू? नाई म्हटलं की दोघंबी मोकळे. मंग तो मले चहा पाजते आन् मी पेतो. पाहूवर पेलेला चहा घशाखाली उतरत नाई गुरुजी. पाहू म्हटला की मले परत जा लागते, नाई म्हटला की मी आपल्या खुशीनं जातो."

मी हे गंमत म्हणून ऐकलं. मग एका रविवारी त्यांच्याबरोबर जवळच्या खेड्यावर गेलो आणि माझा उरलासुरला शहाणपणा तिथे गळून पडला. गावाच्या अर्धा मैल आधीपासून चाचा सायकलची घंटी वाजवू लागले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घंटी कुणासाठी, असं मी विचारलं. "ज्याले लपाचं हाये त्याले येळ भेटला पायजे," ते म्हणाले. त्या घंटीचा मान राखून लटारू नावाचा एक शेतकरी लपला होता. त्यानं तीन वर्षं लागोपाठ पाहू म्हटलं होतं. त्याची बायको अंगणात उभी होती. घरधनी मूलच्या बाजाराला गेले म्हणाली, पण तिची नजर सारखी खळ्यातल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे जात होती, आणि वारा नसताना तो ढीग मधेच हलत होता. चाचांनी सगळं पाहिलं. बाजेवर बसा म्हटल्यावर नेहमीप्रमाणे जमिनीवर बसले. पाणी प्याले, म्हशीची चौकशी केली, मग ढिगाकडे पाठ करून शांतपणे म्हणाले, "बाई, लटारूभाऊ बजारातून आले की सांगजो. पंखा नोको असन त नाई म्हणाचं. उन्हाचं तणसात बसून अंगाले खाज सुटते."

ढीग हलायचा थांबला. मग तणसाच्या आतून आवाज आला, "नाई."

चाचांनी वही काढली. 'लटारू. नाई.' मग वही ढिगाच्या दिशेनं धरली आणि विचारलं, "बराबर हाये का?" ढीग म्हणाला, "हाव." लगेच लटारू अंगावरचं तणस झाडत बाहेर आला, आणि दोघे अशा काही गप्पा मारत बसले, की मला वाटलं एक जण तुरुंगातून सुटला आहे आणि दुसरा त्याला न्यायला आला आहे.

नकार एकदा मिळाला की पंखा हा शब्द चाचांच्या तोंडून पुन्हा निघत नसे. घरी मात्र ते जातच राहायचे. एका गावचा निरोप दुसऱ्या गावी पोचवायचे, कुणाच्या सायकलची चेन बसवून द्यायचे, सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावर कुठलं नवं वाण आलं ते सांगायचे. रोवणीच्या दिवसांत कुणाच्या बांधाकडे फिरकायचे नाहीत. मयत झालेल्या घरी जायचे, पण सायकल गावाबाहेर ठेवून, कारण ती दिसली की लोकांना पंखा आठवतो. गिऱ्हाइकाला त्रास न देता त्याच्या संपर्कात कसं राहावं यावर हल्ली जाडजूड इंग्रजी पुस्तकं मिळतात. त्यांतली दोनतीन मी चाळली आहेत. सायकल गावाबाहेर ठेवण्याचा मुद्दा त्यांत कुठे सापडला नाही.

मग यांचे पंखे खपायचे कसे, हा प्रश्न मला दोन वर्षं छळत होता. उत्तर त्याच लटारूच्या खळ्यावर मिळालं. मळणी होऊन धानाची रास तयार होती आणि चार दिवस वारा पडला होता. आभाळ भरून येत होतं. लटारू तिवईवर सूप घेऊन उभा, झाडाचं पानही हलत नव्हतं. चाचा आणि मी सावलीला बसलो. चाचा त्याच्याबरोबर वाऱ्याची वाट पाहत होते. अगदी मनापासून. मधून मधून शीळ घालून वाऱ्याला बोलावत होते. एक तास गेला, दीड तास गेला. समोर रास भिजायला टेकली आहे, शेजारी पंखेवाला बसला आहे, आणि तो शीळ घालतो आहे. न राहवून मी तोंड उघडलं तेव्हा चाचांनी माझ्या पायावर पाय दिला. शेवटी लटारूच तिवईवरून उतरला.

"चाचा, तो तुमचा पंखा..."

"कोनता पंखा?" चाचा म्हणाले.

खोटं सांगत नाही, त्या क्षणी ते खरोखरच विसरले होते. लटारूला पंख्याचं वर्णन करून सांगावं लागलं.

असा त्यांचा वर्षाला पाचसात पंख्यांचा धंदा. त्यातून एका माणसाचं भागत होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बल्लारपूरला नोकरीत, बापाला सारखा बोलवायचा. "तिथं सगळं हाये," चाचा म्हणायचे, "पन जाचं कोनाच्या घरी?" सिंदेवाहीपासून गोंडपिपरीपर्यंतचे रस्ते आणि त्यांवरची शेकडो घरं, हीच त्यांची मिळकत होती.

मी येऊन दहा वर्षं होत आली असताना कारखान्यात नवे साहेब आले, तेव्हा ती मिळकत धोक्यात आली. साहेब पुण्याला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते. गळ्यात टाय, हातात चकचकीत कागदात बंद केलेला तक्ता, आणि तक्त्यावर पाठपुराव्याच्या सात पायऱ्या. त्यांनी चाचांना सांगितलं, की या हंगामात खप वाढला नाही तर हा भाग बंद. मग ते स्वतः जीप घेऊन आले. रविवार होता, म्हणून चाचांनी मलाही गाडीत घेतलं. आधार म्हणून घेतलं असावं.

साहेबांनी वही मागून घेतली आणि नकार दिलेल्यांची नावं निवडली. "नकार ही पहिली पायरी असते," ते म्हणाले. चाचांनी घंटी नाही म्हणून निदान हॉर्न तरी वाजवा अशी ड्रायव्हरला विनंती केली. साहेबांनी ती फेटाळली. जीप सरळ पहिल्या घराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. साहेब बाजेवर बसले, तक्ता मांडीवर घेतला आणि विचारलं, "मग, पंखा कधी घेताय?"

त्या शेतकऱ्यानं चाचांना चार वर्षांपूर्वीच नाही म्हटलं होतं. पण टाय घालून दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? त्यानं चाचांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "पाहू ना साहेब. धान निघू द्या."

साहेबांनी लिहून घेतलं. चाचांनी डोळे मिटले.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. दिवेलागणीच्या आत साहेबांनी चार गावं पालथी घातली आणि सत्तावीस 'पाहू' गोळा केले. प्रत्येक पाहूबरोबर साहेबांचा चेहरा उजळत होता आणि चाचांचा काळवंडत होता. मी दोघांच्या मधे बसलो होतो. मला एकाच गाडीतून वरात आणि प्रेतयात्रा निघाल्याचा भास होत होता. भागरथाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. दरवर्षी भीमजयंतीला त्या चाचांना आग्रहानं जेवायला बोलवायच्या, आणि पंख्याला त्यांनी पहिल्याच भेटीत नाही म्हटलं होतं, कारण त्यांच्याकडे मुळात धानाची शेतीच नव्हती. त्यासुद्धा "पाहू जी साहेब" म्हणाल्या.

"साहेब," परतताना चाचांनी धीर केला, "हे पाहू म्हंजे..."

"चाचा, तुम्ही इतकी वर्षं काय करत होता?" साहेब म्हणाले. "मी एका दिवसात सत्तावीस तयार केले."

चाचांनी आपली वही परत मागून घेतली. जीप गेल्यावर माझ्या ओट्यावर येऊन त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "सत्तावीस 'नाई' होते गुरुजी. एकेकाले चार चार वर्षं लागले. त्या मानसानं सगळ्याचे पाहू करून टाकले."

पंधरा दिवसांनी मला दुसरा धक्का बसला. नागपूरहून ट्रक आला आणि आमच्या घरांसमोर सत्तावीस पंखे उतरले. सोबत साहेबांचं पत्र होतं. महिन्याभरात सगळे पोचते करावेत, एकही परत आल्यास हा भाग बंद समजावा. बातमी त्याच दिवशी चारही गावांत पोचली. दुसऱ्या दिवशी चाचा निघाले तेव्हा घंटीच्या आवाजासरशी दारं लागत होती. भर सुगीत रस्ते ओस पडले. ज्या अंगणांत त्यांना बोलावून बसवत, तिथे मुलं सांगू लागली, "बाबा घरी नाईत." लटारू मला बाजारात भेटला. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या गावात आता इतके लोक तणसात घुसले हायेत, का बैलाले खायाले जागा नाई."

मला वाटलं, चाचा आता हातापाया पडून का होईना पंखे गळ्यात बांधतील. सत्तावीसमधल्या दहांनी तरी भिडेखातर घेतले असते. साहेब नरमले असते. मी तसा सल्लाही दिला. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, वहीचं नवं पान उघडलं आणि म्हणाले, "उद्यापासून 'नाई' गोळा कराले निंगतो."

"चाचा, नोकरी जाईल."

"जाईन ना. पन हे सत्तावीस घरं गेले त मी जाऊ कुठी?"

तेवीस दिवस त्यांनी ते काम केलं. मी दोनदा बरोबर गेलो. चाचा बंद दारासमोर लांबच बसायचे आणि दाराशी बोलायचे. "पंखा घ्याले नाई आलो गा. तुहा तो पाहू परत घ्याले आलो." कुणी दार किलकिलं करायचं, कुणी मागच्या बाजूनं खाकरायचं. मग 'नाई' यायचा, वहीत लिहिला जायचा, दाखवला जायचा, आणि दार पुरतं उघडायचं. भागरथाबाईंनी मात्र घोळ घातला.

"मी घेतो पंखा," त्या म्हणाल्या. "तुही नोकरी जाऊन राह्यली म्हंतेत."

"बाई, शेती नाई तं उफनता काय?"

"उन्हाळ्यात माह्यासमोर फिरवत बसजो."

चाचा हसले, पण ऐकले नाहीत. "नाई म्हणा बाई. तुमच्या घरी भीमजयंतीले जेवाले याचं हाये मले. पंखा घेतला तं मी कायचा पावना? मंग मी दुकानदार." बाईंनी पदर डोळ्याला लावला आणि नाही म्हटलं. असा रडत दिलेला आणि हसत घेतलेला नकार मी पुन्हा पाहिला नाही.

सत्तावीस पुरे झाल्यावर चाचांनी नावांची यादी नागपूरला धाडली. ट्रक आणि त्याच्यामागे जीपमधून साहेब स्वतः आले. आणि पंखे चढवायला ते सत्तावीसच्या सत्तावीस लोक बैलगाड्या सोडून हजर झाले. कुणी चौकट धरत होता, कुणी पाती. भागरथाबाईंनी चहाचं पातेलं आणलं होतं. साहेब जीपजवळ उभे राहून पाहत होते.

"यांनीच नकार दिलाय ना?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"हो."

"मग हे इतके आनंदात का आहेत?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर सातही पायऱ्यांत बसणारं नव्हतं, म्हणून मी त्यांना चहा दिला.

भाग बंद झाला. आठ दिवसांनी चाचा बल्लारपूरला निघाले. सायकल त्यांनी लटारूला देऊन टाकली, घंटी तेवढी काढून पिशवीत ठेवली. बस यायला वेळ होता. माझ्या उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी वही काढली, अगदी सुरुवातीचं एक पान उघडलं आणि म्हणाले, "गुरुजी, एवढ्या वहीत एकच हिशोब राह्यला. तुमचा विचार झाला का? आता तं नाई म्हणून टाका. मी मोकळा होतो."

दहा वर्षं हा प्रश्न आमच्यात थट्टा म्हणून चालत आला होता. त्या दिवशी उत्तर देणं सोपं होतं. पंखा नव्हता, कंपनी नव्हती, घ्यायचं काही उरलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि मला त्यांचं वाक्य आठवलं. पाहू म्हटलं की परत यावं लागतं.

"पाहू," मी म्हणालो. "धान निघू द्या."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल कानामागून काढली, लिहिलं आणि वही पुढे धरली. 'गुरुजी. पाहू. परत येणे.'

"बराबर हाये का?"

मी मान हलवली.

पुढली पाच वर्षं दर मार्गशीर्षात ते बल्लारपूरहून बसनं यायचे. माझ्या गल्लीच्या तोंडाशी पिशवीतली घंटी काढून हातानं वाजवायचे, मला लपायला वेळ मिळावा म्हणून. पाणी प्यायचे, प्रश्न विचारायचे, पाहू ऐकून वही दाखवायचे, आणि मग सगळ्या घरी चहा घेत संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. शेवटी शेवटी अक्षर थरथरत होतं. सहाव्या वर्षी आले नाहीत. मुलाचं कार्ड आलं, ते मी लटारूला वाचून दाखवलं.

आता आमच्याकडे मळणीची यंत्रं आली आहेत. धान आणि फोल कधी वेगळं होतं ते दिसतही नाही. वाऱ्याची कुणी वाट पाहत नाही. तरी मार्गशीर्ष लागला की दुपारची झोप मला येत नाही. बायको विचारते, दार उघडं कशाला ठेवलं? वहीतली नोंद माझ्या देखत झाली आहे, आणि मी अजून नाही म्हटलेलं नाही.